परतीची वाट आधी: घरच्या राउटरचं फर्मवेअर बदलताना

राउटर हातात घ्या, उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरात असतंच, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'व्हर्जन २' किंवा 'व्हर्जन ५' असंही छापलेलं असतं. विकत घेताना त्याकडे कुणी बघत नाही. फर्मवेअरच्या कामात मात्र नावापेक्षा तो आकडा महत्त्वाचा. टीपी-लिंकचा आर्चर सी७ आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. एकाच नावाने त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीतली ५ गिगाहर्ट्झची वायफाय चिप मुक्त ड्रायव्हरवर चालत नाही, दुसऱ्या आवृत्तीतली चालते, आणि पाचवीत तर प्रोसेसरच वेगळा. एकीसाठी तयार केलेली फाइल दुसरीत घातली, तर राउटर सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो लागणार आहे.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय, ते थोडक्यात. राउटर हा पडदा नसलेला छोटा संगणकच असतो. सी७च्या दुसऱ्या आवृत्तीत ७२० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे, १२८ एमबी रॅम आहे आणि वीज गेली तरी मजकूर जपून ठेवणारी १६ एमबीची फ्लॅश मेमरी आहे. एका मोबाइलच्या तीन-चार फोटोंना पुरेल एवढ्या जागेत या संगणकाचं सगळं सॉफ्टवेअर मावतं. त्या फ्लॅशचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे वीज आली की सर्वात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. त्यानंतर मुख्य प्रणाली, मग तुमच्या सेटिंग्ज. आणि अगदी शेवटी, काही किलोबाइटच्या कोपऱ्यात, त्या एका राउटरच्या वायफायचं कारखान्यात केलेलं कॅलिब्रेशन. हा शेवटचा भाग प्रत्येक नगाचा स्वतंत्र असतो, तो कुठूनही डाउनलोड करता येत नाही. फर्मवेअर बदलतो तेव्हा आपण फक्त मधला भाग बदलत असतो. बूटलोडर शाबूत असेल तर बिघडलेला राउटर बहुतेक वेळा उठवता येतो. बूटलोडर किंवा कॅलिब्रेशन पुसलं गेलं तर घरच्या घरी दुरुस्ती जवळपास अशक्य. 'फ्लॅश पूर्ण पुसून टाका' असा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका.

हे सगळं करायचंच कशाला, इंटरनेट तर चालू आहे, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत घडलेल्या गोष्टींत आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून बघायच्या. जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम अशाच हल्ल्याने बंद पडले, आणि मूळ पासवर्ड बदला, असं कंपनीला जाहीरपणे सांगावं लागलं. मे २०१८मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' उजेडात आला. किमान ५४ देशांतली सुमारे ५ लाख उपकरणं त्याने बाधित केली होती, आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला तरी त्याचा पहिला टप्पा आत शिल्लक राहत असे. पूर्ण रिसेट आणि नवं फर्मवेअर हाच त्यावरचा खरा इलाज होता. मला सर्वात बोलकं वाटतं ते २०२३चं उदाहरण. आर्चर एएक्स२१ या राउटरमधल्या एका गंभीर त्रुटीवर कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती दिली, आणि एप्रिलमध्ये मिराईच्या टोळ्या त्याच त्रुटीतून आत शिरू लागल्या. दुरुस्ती तयार होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचेच राउटर गेले. आणि असा बाधित राउटर बंद पडत नाही. नेट चालू राहतं, मालिका दिसत राहतात, आणि तुमच्या पत्त्यावरून दुसऱ्याच कुणावर तरी हल्ले होत असतात.

राउटर नक्की कुणाचा?

पुढे जाण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा. फायबरचं कनेक्शन घेताना कंपनीने भिंतीवर बसवून दिलेला डबा म्हणजे ओएनटी. बारीक पिवळी किंवा पांढरी फायबर त्यात शिरते. त्याचं फर्मवेअर सेवा देणारी कंपनी दूरवरून सांभाळते. त्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत २००४पासून वापरात आहे. ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, त्यामुळे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरशी खेळलात तर कनेक्शनच बंद पडेल. तो डबा भाड्याचा किंवा कंपनीच्या मालकीचा असतो हेही विसरू नका. तिथे आपण करायचं ते एवढंच: अॅडमिनचा आणि वायफायचा पासवर्ड बदलायचा, नको असेल तर बटणाने वायफाय जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करायचं. या लेखातली बाकीची सगळी चर्चा त्या डब्याच्या पुढे लॅन केबलने जोडलेल्या, तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या राउटरची आहे. गावातल्या केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर बऱ्याचदा असा स्वतःचा राउटर असतोच.

पहिला पर्याय: कंपनीचंच नवं फर्मवेअर

दहापैकी आठ-नऊ घरांनी इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. राउटर तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल, कंपनी अजून दुरुस्त्या देत असेल आणि वेगाबद्दल तक्रार नसेल, तर कंपनीचं ताजं फर्मवेअर घाला आणि निश्चिंत व्हा. नव्या राउटरांत हे काम मोबाइलच्या अॅपमधून होतं, आणि आपोआप अद्यतनाची सोयही असते. ती चालू करा. रात्री तीन-चारची वेळ निवडता येते, तीच ठेवा.

जुन्या राउटरसाठी फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः घ्यावी लागते. इथे लेबलचा तो फोटो समोर ठेवा. मॉडेल जुळवा, मग आवृत्ती जुळवा, मग प्रदेश. एकाच राउटरची भारतासाठीची, युरोपसाठीची आणि अमेरिकेसाठीची फर्मवेअर वेगळी असू शकतात. झिप उघडा, आतली बिन फाइल काढा, राउटरच्या पानावर 'फर्मवेअर अपग्रेड' शोधा आणि ती द्या. काम झाल्यावर सेटिंग्ज टिकल्या आहेत का ते बघा. विशेषतः बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून राउटरचं पान उघडण्याची 'रिमोट मॅनेजमेंट'ची सोय बंदच आहे ना, याची खात्री करा.

त्याच पानावर शेवटच्या फर्मवेअरची तारीखही दिसते. ती चार-पाच वर्षांपूर्वीची असेल, किंवा मॉडेल 'एंड ऑफ लाइफ'च्या यादीत गेलं असेल, तर कंपनीने तुमचा राउटर सोडून दिला आहे असं समजा. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने बाधित उपकरणांचं जे एक जाळं मोडल्याचं जाहीर केलं, त्यात मुख्यतः अशाच सोडून दिलेल्या सिस्को आणि नेटगिअरच्या राउटरांचा भरणा होता. दुरुस्त्या किती काळ मिळतील हे उत्पादकाने आधी सांगायला हवं, असा कायदा ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून लागू झाला. आपल्याकडे नवा राउटर घेताना खोक्यावरच्या वेगाच्या मोठ्या आकड्यांना भुलण्याआधी ग्राहकाने हा प्रश्न दुकानात विचारायला हवा.

दुसरा पर्याय: फर्मवेअरच बदलणं

कंपनीने सोडलेला, पण यंत्र म्हणून धडधाकट असलेला राउटर फेकून देण्याआधी हा मार्ग आहे. त्याचा उगम मोठा रंजक आहे. डिसेंबर २००२मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स आहे हे काही जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की ते वापरून वस्तू विकणाऱ्याने त्याचा सोर्स कोडही द्यायचा. पाठपुरावा झाला, आणि २००३मध्ये कंपनीने तो कोड खुला केला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी व टोमॅटो आले. एका राउटरचा परवाना पाळला गेला म्हणून आज हजारो मॉडेलांना दुसरं आयुष्य मिळतं आहे. आवृत्तीच्या आकड्याचा धडाही याच राउटरने दिला. २००५मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबीवर आणि रॅम १६वरून ८ एमबीवर आणली गेली, लिनक्सही काढून टाकलं गेलं. खोका तोच, नाव तेच.

यातलं कुठलं निवडायचं? माझा कल ओपनडब्ल्यूआरटीकडे आहे. त्याच्या ठरलेल्या आवृत्त्या निघतात, प्रत्येक मॉडेलचं स्वतंत्र पान असतं, काय चालतं आणि काय चालत नाही ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याची २४.१० ही मालिका आली. डीडी-डब्ल्यूआरटी काही ब्रॉडकॉम चिपच्या राउटरांवर चांगलं चालतं, पण कुठली बिल्ड घ्यावी हे नवख्याला ठरवणं अवघड जातं. ब्रॉडकॉमच्याच ठरावीक राउटरांसाठी फ्रेशटोमॅटो आहे. आसूसचा राउटर असेल तर आधी आसूसडब्ल्यूआरटी-मर्लिन बघा. ते कंपनीच्याच फर्मवेअरची सुधारलेली आवृत्ती असल्याने वावर ओळखीचा राहतो आणि धोका कमी.

तुमचा राउटर या कामाला योग्य आहे का, हे तीन गोष्टींवर ठरतं. फ्लॅश, रॅम आणि वायफायची चिप. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे स्वस्तातले जुने राउटर आता बाद झाले आहेत. १९.०७ ही त्यांना चालणारी शेवटची मालिका होती, आणि तिला आता दुरुस्त्या मिळत नाहीत. ८ आणि ६४चे कसेबसे चालतात. १६ आणि १२८ असेल तर बिनधास्त पुढे जा. ब्रॉडकॉमच्या वायफायला ओपनडब्ल्यूआरटीत पुरेसा आधार नाही. क्वालकॉम अथेरॉस आणि मीडियाटेकचे राउटर सोयीचे.

फायदा काय, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या हा पहिला. दुसरा फायदा घरात रोज जाणवणारा आहे. मुलगी वरच्या खोलीत ऑनलाइन मुलाखत देत असते, आणि त्याच वेळी खाली कुणाच्या तरी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात. लगेच आवाज तुटतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा असूनही हे होतं, कारण राउटर किंवा मोडेम आलेली सगळी पॅकेट एका लांब रांगेत उभी करतो. खंबाटकी घाटात मालट्रकांच्या रांगेमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखी तुमच्या आवाजाची छोटी पॅकेट मागे पडतात. जिम गेटिस, डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्यावर, म्हणजे बफरब्लोटवर, अनेक वर्षं काम केलं. त्या कामातून आलेलं 'केक' हे तंत्र २०१८मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत दाखल झालं, आणि ओपनडब्ल्यूआरटीत 'एसक्यूएम' हे पॅकेज घातलं की ते वापरता येतं. मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के आकडे त्यात भरायचे. वेग किंचित कमी होतो, पण अपलोड चालू असतानाही बोलणं अडखळत नाही. घरून काम करणाऱ्यांसाठी फर्मवेअर बदलण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

तोटाही सांगायला हवा. मूळ फर्मवेअरमध्ये डेटा पुढे पाठवण्याचं काम चिपमधली खास यंत्रणा करते. सी७सारख्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घातलं की ते ओझं प्रोसेसरवर पडतं. ५०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर केबलवरही वेग घटलेला दिसेल, आणि एसक्यूएम चालू केल्यावर सी७ साधारण शंभर-दीडशेच्या पुढे तग धरत नाही. तुमचा प्लॅन मोठा असेल तर जुन्या राउटरचा मोह सोडा.

बटण दाबण्याआधी

या कामाचा निकाल तयारीतच लागतो. प्रत्यक्ष फ्लॅशिंग पाच मिनिटांचं असतं. तयारीला मात्र एक संध्याकाळ द्या, आणि कामाचा दिवस सोडून रविवारची सकाळ निवडा, म्हणजे अडलं तर सोडवायला दिवस हातात राहील.

सर्वात आधी परतीची वाट. तुमच्या मॉडेलचं ओपनडब्ल्यूआरटीवरचं पान उघडा आणि त्यातलं मूळ फर्मवेअरवर परतण्याचं आणि निकामी राउटर उठवण्याचं प्रकरण पहिल्यांदा वाचा. ते नसेल, किंवा त्यात राउटर उघडून सोल्डरिंग करायला सांगितलं असेल आणि ते तुमच्या हातचं नसेल, तर इथेच थांबा. असेल तर ते पान पीडीएफ करून लॅपटॉपवर ठेवा, कारण राउटर बंद पडला की ते वाचायला नेट नसेल. कंपनीचं शेवटचं मूळ फर्मवेअरही आत्ताच उतरवून ठेवा. जुन्या मॉडेलांच्या फाइली संकेतस्थळावरून नाहीशा होतात. टीपी-लिंकच्या बाबतीत एक बारकावा आहे: काही मूळ फाइलींच्या नावातच 'बूट' हा शब्द असतो, म्हणजे त्या फाइलीत बूटलोडरही असतो. परतताना अशी फाइल जशीच्या तशी वापरू नये. बूट नसलेली फाइल शोधावी किंवा तेवढा भाग काढून टाकावा.

मग आताच्या सेटिंग्ज. राउटरचा 'बॅकअप' घेतलात तरी ती फाइल नव्या फर्मवेअरला वाचता येत नाही. म्हणून पानांचे फोटो काढा. पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडलं जाणारं नेट, असेल तर ते नाव आणि पासवर्ड. पासवर्ड टिंबांमागे लपलेला असतो, आठवत नसेल तर केबलवाल्याकडून आत्ताच मागून घ्या, रविवारी तो फोन उचलेलच असं नाही. व्हीलॅनचा आकडा भरलेला असेल तर तो. वॅन, म्हणजे बाहेरून नेट येणाऱ्या पोर्टचा मॅक पत्ता. बरेच स्थानिक पुरवठादार कनेक्शन एकाच मॅक पत्त्याला बांधून ठेवतात, तो बदलला की सगळं बरोबर असूनही नेट येत नाही, आणि माणूस उगाच फर्मवेअरला दोष देत बसतो.

विजेची सोय करा. लिहिणं चालू असताना वीज गेली तर राउटर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो, पण अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा जुळवून घ्या. सी७च्या दुसऱ्या आवृत्तीला २.५ अँपिअर लागतात, तिथे १ अँपिअरचा स्वस्त यूपीएस ऐन वेळी दगा देईल. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसेल तर ज्या दिवशी महावितरणचं काम जाहीर झालेलं असेल किंवा आभाळ भरलेलं असेल, तो दिवस टाळा.

लॅन केबल हवीच. वायफायवरून फर्मवेअर कधीही बदलू नका. लॅपटॉपला लॅनचं छिद्र नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर घ्या, पुढे राउटर उठवायची वेळ आली तर तो पुन्हा लागेल.

आता फाइल. ओपनडब्ल्यूआरटीच्या 'फर्मवेअर सिलेक्टर'मध्ये मॉडेलचं नाव लिहा आणि यादीतली अचूक आवृत्ती निवडा. तिथे दोन प्रकारच्या फाइली दिसतात. 'फॅक्टरी' ही मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटीत येण्यासाठी. 'सिसअपग्रेड' ही एकदा आल्यावर पुढच्या अद्यतनांसाठी. पहिल्यांदा सिसअपग्रेड द्यायची नाही. सी७च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तर फॅक्टरीतही अमेरिकेची आणि युरोपची अशा वेगवेगळ्या फाइली आहेत. फाइल उतरली की तिची शा२५६ बेरीज तपासा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा देऊन फाइलचं नाव लिहिलं की लांबलचक आकडा येतो. तो संकेतस्थळावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. शेवटची चार अक्षरं जुळली म्हणजे झालं, असं करू नका.

प्रत्यक्ष काम

राउटरला जोडलेल्या बाकी सगळ्या केबल काढा. लॅपटॉप पिवळ्या लॅन पोर्टपैकी एकात, वायफाय बंद. राउटरच्या पानावर 'फर्मवेअर अपग्रेड'मध्ये जाऊन फॅक्टरी फाइल द्या. नाव फार लांब आहे म्हणून काही जुने राउटर ती नाकारतात, तेव्हा फाइलीला छोटं नाव द्या. त्रुटीचा संदेश आला तर फाइल आणि आवृत्ती पुन्हा जुळवा. राउटर फाइल नाकारतो आहे याचा अर्थ तो तुम्हाला वाचवतो आहे.

पट्टी शंभर टक्क्यांवर गेली की पडदा थिजल्यासारखा होतो. इथेच बहुतेक राउटर मरतात, कारण माणूस वैतागून प्लग काढतो. पाच मिनिटं काहीही करू नका. राउटरचा पत्ता आता बदललेला असतो: टीपी-लिंकचा १९२.१६८.०.१ होता, ओपनडब्ल्यूआरटीचा १९२.१६८.१.१. जुनं पान उघडत नाही म्हणजे काही बिघडलं असं नाही. केबल काढून पुन्हा लावा, म्हणजे लॅपटॉप नवा पत्ता घेईल, आणि मग नव्या पत्त्यावर जा. नाव 'रूट', पासवर्ड रिकामा. आत शिरल्यावर पहिलं काम पासवर्ड घालणं.

वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका, ते मुद्दामच बंद ठेवलेलं असतं. चालू करताना देशाचा संकेत 'आयएन' निवडा. कुठल्या देशात कुठली वाहिनी आणि किती शक्ती चालते हे त्यावरून ठरतं. ५ गिगाहर्ट्झमधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्याला भारतात ऑक्टोबर २०१८पासून परवान्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या देशाचं नाव लावून शक्ती वाढवण्याचं कारणही नाही. एन्क्रिप्शन डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. वेळेचा विभाग आशिया/कोलकाता. मग वॅनच्या जागी पीपीपीओईचं नाव-पासवर्ड, किंवा डीएचसीपी असेल तर काहीच नाही.

एक अडचण हमखास येते. ओएनटीचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल, तर दोन्ही उपकरणं एकाच पत्त्यावर हक्क सांगतात आणि नेट चालत नाही. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा, प्रश्न मिटतो. नेट तरीही येत नसेल तर मघाचा मॅक पत्ता वॅनच्या सेटिंगमध्ये भरा. तेवढ्यानेही भागलं नाही, तरच केबलवाल्याला फोन करा, आणि 'राउटर बदलला आहे, नवा मॅक बांधून द्या' एवढंच सांगा. फर्मवेअरची कथा सांगितलीत तर तो गोंधळेल.

बिघडलं तर

दिवे लुकलुकतात पण पान उघडत नाही, अशी स्थिती असेल तर आशा भरपूर आहे. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना एक दिवा वेगाने लुकलुकतो, त्या क्षणी एखादं बटण दाबलं की 'फेलसेफ'मध्ये जाता येतं. सेटिंग चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं असेल तर तिथून सगळं पुसून नव्याने सुरुवात करता येते.

प्रणालीच सुरू होत नसेल तर बूटलोडरकडे जायचं. सी७च्या दुसऱ्या आवृत्तीत हे असं होतं: लॅपटॉपचा पत्ता हाताने १९२.१६८.०.६६ ठेवा. टीएफटीपीडी६४सारखा छोटा सर्व्हर चालू करा आणि विंडोजचं फायरवॉल त्याला अडवत नाही ना ते बघा. हवी ती फर्मवेअर फाइल त्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवून तिला मॉडेलच्या पानावर दिलेलं रिकव्हरीचं नाव द्या. त्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांचाही फरक चालत नाही. मग रिसेट बटण दाबून धरून राउटर चालू करा आणि दहाएक सेकंदांनी सोडा. राउटर स्वतःच फाइल मागून घेतो आणि लिहून टाकतो. पहिल्या फेरीत जमलं नाही तर केबल आणि फायरवॉल तपासून पुन्हा करा. बहुतेकदा चूक राउटरमध्ये नसून लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये असते.

'तीस-तीस-तीस रिसेट' नावाचा जुना उपाय अजून सांगितला जातो: बटण दाबून तीस सेकंद, दाबूनच प्लग काढून तीस, दाबूनच प्लग लावून तीस. जुन्या डीडी-डब्ल्यूआरटीच्या काळातला तो विधी आहे. एआरएम प्रोसेसरच्या नव्या राउटरांवर त्याने नुकसान होऊ शकतं. तो करू नका.

पुढची देखभाल

फर्मवेअर बदललं म्हणजे काम संपलं, असं होत नाही, उलट आता दुरुस्त्या घेण्याची जबाबदारी कंपनीकडून तुमच्याकडे आली. दोन-तीन महिन्यांतून एकदा नवी आवृत्ती आली आहे का ते बघा. अद्यतन करताना सिसअपग्रेड फाइल द्या. त्याच मालिकेतली नवी आवृत्ती असेल तर 'सेटिंग्ज ठेवा' हा पर्याय चालू राहू द्या. मालिकाच बदलत असेल तर आधी त्या आवृत्तीची टिपणं वाचा. २०२१मध्ये २१.०२ आली तेव्हा अनेक राउटरांवर लॅन पोर्टांची मांडणी लिहिण्याची पद्धतच बदलली होती, आणि जुन्या सेटिंग्ज तिथे चालत नव्हत्या. अशा वेळी सगळं नव्याने भरलेलं बरं, अर्ध्या तासाचं काम असतं.

सेटिंग्ज टिकल्या तरी तुम्ही वरून घातलेली पॅकेजं सिसअपग्रेडमध्ये उडतात. त्यांची यादी लिहून ठेवा, किंवा 'अटेंडेड सिसअपग्रेड' वापरा. ते तुमच्या पॅकेजांसह फाइल तयार करून देतं. सगळी पॅकेजं एकेक करून अपग्रेड करत बसण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. नवी पॅकेजं जुन्यांना पुसत नाहीत, त्यांच्यावर रचली जातात. १६ एमबीची जागा लवकर भरते, आणि भरलेल्या फ्लॅशचा राउटर सेटिंग जपणं सोडून देतो. प्रत्येक अद्यतनाआधी 'बॅकअप' पानावरून सेटिंग्जची फाइल उतरवून घ्या. तिच्यात वायफायचा आणि पीपीपीओईचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा ती व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून ठेवण्याऐवजी पेनड्राइव्हवर घ्या, आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो पेनड्राइव्ह कुठे आहे ते सांगून ठेवा.